स्मरणचित्र

इंटरमिजिएटला आईला बी ग्रेड मिळाली,
बार्शीच्या शाळेतून, एकोणसत्तर साली.
स्थिरचित्रातली किटली जरा तिरकी झाली होती,
हे ती अजून सांगते,
जणू परीक्षक दाराशी उभे आहेत.
स्मरणचित्रात मात्र पैकीच्या पैकी.
विषय होता समुद्रकिनारा.
समुद्र तिनं तोवर पाहिलाच नव्हता.

एक्याऐंशीत ती ओमानात आली, सूरला.
मस्कतहून दिवसभर जीप, खडी आणि धूळ.
आप्पा मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब लिहायचे.
किराणा दुकानाला इथे बकाला म्हणतात हे कळल्यावर
म्हणाली, बकाल तर अख्खं गावच दिसतंय.
माहेरून पत्र आलं : सूर म्हणजे गाण्यातला?
तिनं उत्तर लिहिलं :
हो, तसाच. लागायला वेळ लागतो.

कागद नव्हते.
माशांच्या खोक्यांचे पुठ्ठे होते,
आप्पांच्या रद्द पावत्यांची कोरी पाठ होती.
दुपारी गाव झोपलं की ती खाडीवर जायची,
उपड्या पिंपावर बसायची
आणि कोरड्या जमिनीवर उभं राहणारं गलबत
फळीफळीनं काढायची.
सागवान आपल्याकडचं, मलबारचं,
वास शार्कच्या तेलाचा.
नाखव्याला इथे नाखुदा म्हणतात, एवढंच अंतर,
असं एकदा म्हणाली.

खमीस बिन नासिर महिनाभर काही बोलला नाही.
मग एक दिवस आला,
चित्रावर अंगठा ठेवला :
ये डूबेगा.
एक फळी कमी होती.
तिनं खोडलं, परत मोजलं, परत काढलं.
पुढच्या रमजानात घरी टोपलीभर खजूर आला,
निरोप नाही, काही नाही.
त्यालाच ती ए ग्रेड म्हणते.

आम्हाला हे दिसलं नाही असं नाही.
आप्पा म्हणायचे, भात लागतोय बघ.
आणि मी
तिच्या चित्रांची वह्यांना कव्हरं घातली,
चित्र आतल्या बाजूला.

दर दोन वर्षांनी हे गाव तिला नव्यानं विचारतं,
तू कुणाची कोण.
आधी आप्पांची बायको, आता माझी आई.
कार्डावर व्यवसाय : गृहिणी.
दत्तक घेतलेल्या गावानं
आपल्याला दत्तक घेतलेलं नसतं,
हे तिला माहीत असावं.
फोटोसाठी ती दरवेळी नवी साडी नेसते.

दोन हजार सातच्या वादळात तळमजल्यात पाणी शिरलं.
सव्वीस वर्षांच्या पुठ्ठ्यांचा लगदा झाला.
ती रडली नाही. लगदा गच्चीवर वाळत घातला,
जसे काही पापड.
पलीकडे ऐजाहमधली जुनी घरं नंतर एकेक पडली,
काही पाण्यानं, काही पैशानं.
मग लोक यायला लागले.
हमूद आला : माझ्या आजीचं दार कसं होतं?
आईनं डोळे मिटले.
वर सूर्यफूल, म्हणाली, खाली खिळ्यांच्या तीन रांगा,
डावीकडचा एक खिळा नाही.
काढून दिलं.
त्यानं ते कपाळाला लावलं की वाऱ्यानं लागलं,
मला नीट दिसलं नाही.

आता हात थरथरतो.
पेन्सिल धरली की रेघ आपली आपणच हलते,
म्हणून वर्षभर ती फक्त पाणी काढते आहे.
खाडीचं भरतीचं पाणी, ओहोटीचं,
पुलाखालचं, दिव्याखालचं.
पाण्याला चालतं, म्हणते.

काल मात्र किटली काढली,
ओट्यावरची, झाकणाला दोरा बांधलेली.
मी म्हटलं, सरळ आलीये की.
तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.
खोटं नको बोलूस.
खमीस असता तर
अंगठा ठेवला असता.